रोगाचे नाव कळण्याचा हक्क

२०२१ सालच्या आरंभी १६ कोटी रुपयांच्या एका इंजेक्शनने महाराष्ट्रातील वृत्तपत्रांचे रकाने व्यापले होते. मुंबईतील एका तान्ह्या मुलीला ‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी’ हा मज्जारज्जूतील चेतापेशींचा आनुवंशिक विकार जडला होता. तिच्या औषधासाठी असंख्य अनोळखी माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठविले, आणि केंद्र सरकारने त्या औषधावरील आयातशुल्क व कर माफ केला. समाजाच्या मनातील करुणेचा झरा आटलेला नाही, याची ती साक्षच होती. परंतु त्या साऱ्या गदारोळात एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्या मुलीच्या रोगाचे नाव तिच्या आईवडिलांना वेळेत कळले, म्हणून मदतीचे आवाहन तरी करता आले. ज्यांच्या घरातील मूल मान सावरत नाही, बसत नाही, चालता चालता कोसळते, आणि ज्यांना त्या दुखण्याचे नावच कोणी सांगत नाही, त्यांनी कोणापुढे हात पसरावा?

औषधाच्या किमतीवर चर्चा होते, कारण ती किंमत डोळ्यांत भरते. निदानाचा अभाव मात्र दिसत नाही. तो गावाबाहेरच्या वस्तीत, झोपडीच्या कोपऱ्यात, मालिशवाल्याच्या तेलात आणि देवस्थानाच्या नवसात विरून जातो. म्हणूनच या अभावाचा विचार सार्वजनिक प्रश्न म्हणून करणे अगत्याचे आहे.

एकच दुबळेपणा, अनेक कारणे

स्नायू दुबळा होण्याची कारणे दोन ठिकाणी असू शकतात. कधी दोष स्नायूतच असतो, तर कधी स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूत किंवा त्या तंतूच्या मुळाशी मज्जारज्जूत असलेल्या चेतापेशीत. बाहेरून पाहणाऱ्याला मूल सारखेच लुळे दिसते. परंतु पुढची वाट या भेदावर ठरते.

तीन मुलांचे उदाहरण घ्यावे. पहिला मुलगा तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून वारंवार पडू लागतो, त्याच्या पोटऱ्या टणक व फुगीर दिसतात, जमिनीवरून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढतो. हा ‘ड्युशेन’ प्रकारचा स्नायुक्षय असतो. मुलगा साधारणतः बाराव्या वर्षापर्यंत चाकाच्या खुर्चीला खिळतो. रोग बरा होत नाही, पण स्टिरॉइडच्या स्वस्त गोळ्यांनी चालण्याचा काळ वाढतो. दुसऱ्या मुलाची चेतापेशीच झिजत असते. ही स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. येथे त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. जी औषधे उपयोगी आहेत ती जितकी लवकर मिळतील तितके अधिक वाचते. तिसऱ्या मुलाच्या स्नायूंना दाह झालेला असतो. हा रोग आनुवंशिक नसतो, आणि योग्य उपचाराने ते मूल पुन्हा धावू लागण्याची खरी आशा असते. तिघांनाही ‘कमजोरी आहे, टॉनिक द्या’ एवढेच सांगून परत पाठविले, तर पहिल्याची चालण्याची वर्षे, दुसऱ्याचा जीव आणि तिसऱ्याचे पाय विनाकारण हिरावले जातात. हा अपराध रोगाचा नसून व्यवस्थेचा आहे.

तुकड्यात वाचलेला इतिहास

हा भेद ओळखण्याची एक जुनी व भरवशाची रीत म्हणजे स्नायूचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, म्हणजेच बायॉप्सी. या रीतीचा इतिहास कार्यकर्त्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. फ्रान्समधील बुलोन्य या बंदरगावी खलाशांच्या कुळात जन्मलेला गिय्योम ड्युशेन (१८०६–१८७५) हा पॅरिसमध्ये आला तेव्हा त्याच्यापाशी कोणत्याही रुग्णालयातील पद नव्हते. प्रतिष्ठित वैद्यकवर्तुळाच्या तो बाहेरचाच होता. गोरगरिबांनी भरलेल्या रुग्णालयांच्या दालनांतून हिंडत, एकेका रोग्यामागे वर्षानुवर्षे जात त्याने आपले ज्ञान मिळविले. स्नायू रोगी असताना आत काय घडते हे पाहावयाचे तर त्या काळी मृत्यूची वाट पाहावी लागे. ड्युशेनने एक खास सुई बनवून जिवंत रोग्याच्या स्नायूतून कणभर नमुना काढण्याची सोय केली, आणि १८६८ मध्ये आपल्या प्रबंधात तिचा वृत्तान्त दिला. पुढे ही पद्धत बरीच विस्मृतीत गेली. १९६२ मध्ये स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम यांनी सुधारलेल्या सुईने तिला नवे जीवन दिले.

आता या तुकड्यात काय वाचता येते? माणसाच्या स्नायूत दोन मुख्य जातींचे धागे असतात. एक संथ पण न थकणारे, दुसरे चपळ पण लवकर दमणारे. निरोगी स्नायूत हे धागे बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणे मिसळलेले दिसतात. धाग्याची जात ठरविते ती त्याला लागलेली चेतापेशी. १९६० मध्ये बुलर आणि एकल्स यांनी मांजराच्या संथ व चपळ स्नायूंच्या नसांची अदलाबदल करून दाखविली, तेव्हा स्नायूंचा वेगही बदलला. या एका सत्यातून निदानाची किल्ली हाती येते. एक चेतापेशी मेली की तिचे धागे पोरके होतात. शेजारची जिवंत नस आपल्या फांद्या पसरून त्यांना दत्तक घेते, आणि दत्तक गेलेले धागे नव्या नसेची जात स्वीकारतात. पट विस्कटून एकाच जातीच्या धाग्यांचे पुंजके दिसू लागतात. मग ती नसही मेली की सबंध पुंजका एकदम सुकतो. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीच्या तान्ह्या बाळाच्या तुकड्यात बारीक, गोल, सुकलेल्या धाग्यांची पठारे आणि त्यांत उरलेल्या काही फुगलेल्या धाग्यांची बेटे दिसतात. दोष स्नायूतच असेल तर चित्र निराळे असते. धागे लहानमोठे होतात, काही कुजतात, काही पुन्हा उगवू पाहतात, आणि मोकळ्या जागी चरबी व तंतुमय ऊतक भरते. हे सारे वाचण्याचे शास्त्र १९७३ मध्ये डुबोविट्झ व ब्रुक यांच्या ग्रंथाने सुसूत्र मांडले. १९८७ मध्ये ड्युशेन-विकारात नाहीसे होणारे ‘डिस्ट्रोफिन’ हे प्रथिन सापडले, तेव्हापासून तुकड्यावर विशिष्ट रंगद्रव्य लावून ते प्रथिन आहे की नाही हेही दिसू लागले.

हात कोणाचे?

ही तपासणी ऐकायला सोपी वाटते. जागा बधिर करून मांडीतून किंवा दंडातून सुमारे सेंटिमीटरभर तुकडा काढावयाचा, एवढेच तर काम. प्रत्यक्षात तिचे यश शस्त्रापेक्षा नंतरच्या तासाभरावर अवलंबून असते. पूर्ण झिजलेला स्नायू निवडला तर तुकड्यात चरबीच मिळते. नेहमीच्या सवयीने तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला तर ज्या रसायनांवरून धाग्यांची जात ओळखावयाची ती नष्ट होतात. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला तर धागे फुगून बिघडतात. तो मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळून, बर्फावर ठेवून, लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. तेथे द्रवरूप नायट्रोजनने उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो क्षणात गोठविला पाहिजे. मग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे पातळ काप घेऊन त्यांवर एकामागून एक रंग चढवावे लागतात.

हे काम करतो तो प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. त्याचे नाव अहवालावर नसते. पण त्याचा हात कच्चा असेल तर नामवंत विकृतिशास्त्रज्ञालाही त्या काचेवर काही वाचता येणार नाही. असा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर माणसे नेमावयाची, पदे रिक्त ठेवावयाची, आणि मग ‘सरकारी प्रयोगशाळांचा दर्जा चांगला नाही’ असे म्हणत काम खाजगी हातांत सोपवावयाचे, हा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतील परिचित क्रम येथे फार महाग पडतो. कारण बिघडलेला तुकडा पुन्हा मिळत नाही. त्यासाठी मुलाला पुन्हा कापावे लागते.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. जनुकांची तपासणी आता रक्ताच्या काही थेंबांवर होते, तेव्हा बायॉप्सीचा आग्रह कशाला, असे पुष्कळ डॉक्टर म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. १९९५ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचे ‘एसएमएन-१’ हे जनुक शोधले. सुमारे ९५ टक्के रोग्यांत या जनुकाचा एक ठराविक भाग दोन्ही प्रतींतून गळलेला असतो, आणि तो रक्तावरून ओळखता येतो. ड्युशेन-विकारातही बहुसंख्य मुलांचा जनुकदोष रक्तातच सापडतो. अशा मुलाला आधी कापणे हे आज अनुचितच ठरेल. ज्या मुलाला स्पष्ट लक्षणे आहेत त्याची रक्ततपासणी प्रथम झाली पाहिजे, याविषयी दुमत असू नये.

परंतु रक्ताच्या तपासणीने सर्व उत्तरे मिळतात, हा समज चुकीचा आहे. स्नायूंच्या व मज्जातंतूंच्या आनुवंशिक विकारांना कारण होणारी जनुके शेकड्यांनी आहेत. ती सर्व एकत्र तपासली की पुष्कळदा अहवालात असा बदल आढळतो की ज्याचा अर्थ अनिश्चित आहे. तो बदल रोगाचे कारण आहे की केवळ त्या कुळाचे वैशिष्ट्य, याचा निवाडा करण्यासाठी पुन्हा स्नायूच्या तुकड्याकडेच जावे लागते. अमुक प्रथिन धाग्यावर आहे की नाही, हे तुकडाच सांगतो. स्नायूंच्या दाहासारखे उपचार होऊ शकणारे रोग तर जनुकांच्या यादीत सापडतच नाहीत; आनुवंशिक म्हणून टाकून दिलेल्या एखाद्या रोग्याला तोच तुकडा पुन्हा उपचाराच्या वाटेवर आणतो.

याचा अर्थ, दोन्ही साधने एकमेकांना पूरक आहेत. प्रश्न असा आहे की ती कोणाच्या हाताशी आहेत. सधन कुटुंब खाजगी प्रयोगशाळेत रक्त देते, अहवाल संदिग्ध आला तर मोठ्या शहरात बायॉप्सी करून घेते. शेतमजुराच्या घरी यांपैकी काहीच पोहोचत नाही. ‘बायॉप्सी आता कालबाह्य झाली’ हे वाक्य त्याच्या संदर्भात क्रूर थट्टा ठरते, कारण जुने साधन त्याच्यापर्यंत कधी आलेच नाही आणि नवे त्याला विकत घेता येत नाही.

सार्वजनिक संस्थांचे सामर्थ्य

हे काम सरकारी संस्थांना झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. मुंबईत जे. जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात डॉ. दाराब दस्तूर यांनी मज्जा-विकृतिशास्त्राचा विभाग चालविला, आणि कुष्ठरोगात व कुपोषणात नसांची व स्नायूंची कशी हानी होते यावर तेथून मोलाचे संशोधन प्रसिद्ध झाले. गरिबांच्या रोगांचा असा सूक्ष्म अभ्यास सार्वजनिक रुग्णालयातच होऊ शकला, कारण गरीब रोगी तेथेच येत होते. बंगळूरची ‘निम्हान्स’ ही संस्थाही सार्वजनिक पैशावरच उभी राहिली. देशभरातून स्नायू व मज्जातंतूंचे रोगी तिच्या दाराशी जातात. १९२६ मध्ये परळच्या गिरणगावात मुंबई महापालिकेने उभारलेले के. ई. एम. रुग्णालय तर कामगारवस्तीचेच अपत्य आहे. दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले, तेव्हा प्रथम निवडलेल्या आठ उत्कृष्टता-केंद्रांत महाराष्ट्रातील हे एकच रुग्णालय होते.

या धोरणानुसार मे २०२२ पासून अशा केंद्रात उपचार घेणाऱ्या रोग्याला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिचा लाभ घ्यावयाचा तर रोगाचे नाव हवे, आणि नाव मिळवावयाचे तर सिरोंच्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या बापाने आजारी मूल खांद्यावर घेऊन राज्याचे एक टोक ते दुसरे टोक प्रवास केला पाहिजे, तोही एकदा नव्हे, तारखेमागून तारखा घेत. त्याची मजुरी बुडते, मुंबईत राहण्यास जागा नसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर तो येणे थांबवितो. कागदावर त्याची नोंद ‘रोग्याने उपचार अर्धवट सोडले’ अशी होते.

औषध स्वस्त झाले, आता?

या विषयात अलीकडे एक आशादायक घटना घडली. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवर तोंडाने घेण्याचे ‘रिसडिप्लाम’ हे औषध २०२१ मध्ये भारतात आले, तेव्हा त्याच्या एका बाटलीची किंमत सुमारे ६ लाख रुपये होती. नॅट्को या हैदराबादच्या कंपनीने तेच औषध बनविण्याची तयारी केली, तेव्हा रोश कंपनीने पेटंटच्या आधारे मनाई मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती नाकारली, खंडपीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच निर्णय कायम केला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नॅट्कोने बाटलीची किंमत १५,९०० रुपये जाहीर केली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थांवरील मक्तेदारी नाकारली होती. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ मध्ये ती परत आली. तरीही कायद्यात राखलेल्या सवलतींचा नेटाने वापर केला तर काय साधते, हे या लढ्याने दाखविले. त्यात रोग्यांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा वाटा मोठा आहे.

१५,९०० रुपयेही मजुराला जड आहेत, कारण हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. परंतु ६ लाखांची बाटली शासनाच्या आवाक्याबाहेर होती, ही सबब आता उरलेली नाही. औषध स्वस्त होताच निदानातील विलंबाचा दोष अधिक गडद होतो. या रोगात मेलेली चेतापेशी परत येत नाही. औषध उरलेल्या पेशींना वाचविते. एक-एक महिन्याचा विलंब म्हणजे कायमची हानी.

दोष कोणाच्या माथी?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. मूल अपंग निपजले की बोल आईला लावला जातो. तिने ग्रहण पाळले नसेल, तिच्या माहेरचे रक्तच वाईट, अशा वचनांनी तिचे जिणे नकोसे केले जाते; कित्येकींना टाकून दिले जाते. निदान झाले तर विज्ञान निराळी साक्ष देते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत सदोष जनुक सामान्यतः आई आणि बाप या दोघांकडून सारखेच आलेले असते. ड्युशेन-विकारात ते आईमार्फत येते खरे, परंतु सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आणि जेथे आई वाहक असते तेथेही तो निसर्गाचा अपघात असतो, तिचा अपराध नव्हे. रोगाचे नाव नसले की ती जागा अंधश्रद्धा घेते, आणि तिचा दंड स्त्री भरते.

शिवाय, पहिल्या मुलाचा जनुकदोष नोंदलेला असेल तरच पुढच्या गर्भारपणात आईबापांना माहितीच्या आधारे निर्णय घेता येतो. दोन्ही पालक वाहक असतील तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचा धोका प्रत्येक खेपेला चारात एक असतो. निदानाविना मूल दगावले तर ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून अशा मुलाचे रक्त व स्नायूचा नमुना जतन करून ठेवणे हे त्या कुटुंबाप्रति कर्तव्य आहे. येथे सावधगिरीही हवी. अपंग जीवाला जगण्याचा अधिकारच नाही, असा अर्थ कोणी निदानातून काढू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्नायुक्षयाला मान्यताप्राप्त अपंगत्वांत स्थान दिले आहे. शाळेतील उतरण, चाकाची खुर्ची, निर्वाहवेतन हे त्या मुलांचे हक्क आहेत, आणि त्यांची वाटही निदानाच्या प्रमाणपत्रातूनच जाते.

काय करावे?

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्नायूचा नमुना योग्य रीतीने काढून गोठविण्याची सोय असावी, आणि तो कोरड्या बर्फात राज्याच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे जावा. रोग्याने प्रवास करण्याऐवजी नमुन्याने प्रवास करावा. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी व ड्युशेन-विकार यांची रक्ततपासणी सरकारी प्रयोगशाळेत विनामूल्य व्हावी. तंत्रज्ञांची पदे कायम स्वरूपात भरावीत. अहवालाबरोबर कुटुंबाला त्याच्या भाषेत, मराठीत तसेच गोंडी-भिलीतही, त्याचा अर्थ समजावून सांगणारा माणूस असावा.

आणि आरंभ गावापासून व्हावा. बालकांच्या आरोग्यतपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथेच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत व शाळेत जातात. पडणारा मुलगा, मांडीवर हात टेकून उठणारा मुलगा, मान न सावरणारे पण डोळ्यांनी टवटवीत असलेले बाळ, ही चिन्हे ओळखावयास त्यांना व अंगणवाडीसेविकांना शिकविणे कठीण नाही. रक्तातील क्रिएटिन कायनेजची साधी चाचणी तालुक्याच्या पातळीवर झाली तर ड्युशेन-विकाराची पुष्कळ मुले तेथेच वेगळी ओळखता येतील.

हे काम कार्यकर्त्यांनाही करता येण्याजोगे आहे. आपल्या तालुक्यात अशी मुले किती, त्यांपैकी कितींना रोगाचे नाव ठाऊक आहे, जिल्हा रुग्णालयाने त्यांना कोठे पाठविले आणि ती तेथे पोहोचली का, याची यादी करून ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवावी. ज्यांची मोजदादच नाही त्यांच्यासाठी कोणतेही सरकार तरतूद करीत नाही. ड्युशेनने दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या रुग्णालयांतून एकेका गरीब रोग्याच्या उशाशी जाऊन जे केले, ते आज महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांवर व्हावयाचे आहे.